पान फाटू द्या, खोड उभे राहिले पाहिजे

वाऱ्याच्या जागी केळ लावताना सर्वांत आधी फसते ती आपली नजर, असे माझे मत आहे. नजर जाते पानाकडे. रुंद, अखंड, हिरवेगार पान हवे असते आणि ते फाटले की झाडच बिघडले असे समजून माणसे हळहळतात. पण केळीच्या पानाची घडणच फाटायला सोयीची आहे. मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत त्याच्या शिरा समांतर जातात आणि जोराचा वारा आला की पान त्या शिरांच्या मधून पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. वारा पट्ट्यांमधून निघून जातो, खोडावरचा ताण हलका होतो आणि पट्ट्या हिरव्या असेतो अन्न तयार करत राहतात. अगदी बारीक चिंध्या झाल्या तर घड कमी भरतो, हे मान्य. पण फाटक्या पानांच्या केळीला घड येतो, आडव्या पडलेल्या केळीला येत नाही. म्हणून निवड करताना मी खोड आधी पाहतो आणि पान नंतर.

आपण ज्याला खोड म्हणतो ती पानांच्या देठांची एकात एक बसलेली गुंडाळी असते. तिच्यात लाकूड नाही आणि वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नुसते पाणी. घडाचा दांडा तिच्या आतून वर चढतो आणि निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, की त्याच मऊ खांबाच्या शेंड्याला, चांगली मशागत असेल तर वीस-पंचवीस किलोंचा घड एका अंगाला लोंबतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, शिवाय जमिनीपासून वर जावे तसा वाराही वाढतो. उंच केळ अशी दोन्हीकडून मार खाते. जाणती माणसे जातीचे नाव विचारताना उंची किती आणि त्या मानाने बुंधा किती जाड, हेही विचारतात ते याचसाठी. बसराई साधारण दीड ते पावणेदोन मीटरवर थांबते आणि तिचा बुंधा ठेंगणा, भरदार असतो. अटलांटिक महासागरातल्या वाऱ्याच्या कॅनरी बेटांवरही हीच बुटकी जात पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली. राजापुरीही फार उंच जात नाही आणि मजबूत असते. ग्रँड नैन दोन मीटरच्या वर जाते, तेव्हा ती आडोशाच्या बाजूला ठेवावी. लाल केळ दिसायला देखणी, पण चार-पाच मीटर उंचीमुळे उघड्या माळावर किंवा समुद्राकाठी तिला जागा देऊ नये.

यावर कोकणातून हमखास आक्षेप येतो की बसराईला वेलचीची गोडी नाही. ते खरे आहे आणि चवीसाठी वेलची लावणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण वेलची उंच आणि सडपातळ असते. ती लावायची तर घराच्या किंवा माडाबागेच्या आडोशाला लावावी, मोकळी कडा बसराईला द्यावी. बसराईतही एक खोट आहे. कडाक्याच्या थंडीत निसवण आली तर घड गळ्यातच अडकतो, त्यामुळे थंडीच्या भागात बुटकेपणालाही मर्यादा घालावी लागते. काहीजण म्हणतात, बांबूचा टेकू दिला की कोणतीही जात चालेल. टेकू घडाचे वजन पेलतो, त्याचा उपयोग आहेच. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात नारळ-सुपारीची जुनी झाडे जिथे उन्मळली, तिथे टेकूच्या भरवशावर उंच केळ उभी करणे मला पटत नाही. आडोशासाठी बांधलेल्या भिंतीचेही तसेच आहे. भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. त्यापेक्षा शेवरीची दाट पण झिरपती ओळ बरी. ती वाऱ्याला थोडी वाट देते आणि आपल्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत त्याचा जोर मोडते.

लावणीच्या वेळेचा विचार मात्र फार थोडे जण करतात. जळगावकडची मृगबाग जून-जुलैत लागते. तिचा घड पुढच्या मे-जूनमध्ये, म्हणजे वळवाच्या वादळांच्या तोंडावर, पूर्ण भरून लटकत असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कांदेबागेचे झाड त्या दिवसांत अजून निसवलेले नसते किंवा नुकतेच निसवत असते, त्यामुळे शेंड्यावर ओझे कमी. परसात चार केळी लावणाऱ्याला बाजारभाव पाहायचा नसतो, मग त्याने वारा पाहून महिना का निवडू नये?

एवढे करूनही केळ पडलीच तर ती कशी पडली ते बारकाईने पाहावे. खोड मधोमध मोडले असेल तर उंची आणि घडाचे ओझे जास्त झाले. कंदासकट उपटली असेल तर दोष जमिनीखाली आहे. कंद सोंड्या भुंग्याने पोखरला असेल, मुळे सूत्रकृमींनी कुजली असतील किंवा खोडव्यात कंद वर सरकून उघडा पडला असेल. कंद कापून पाहावा. किडलेला असेल तर त्याची पिले दुसरीकडे लावू नयेत. निरोगी निघाला तर तलवारीसारख्या अरुंद पानांचे एकच पील ठेवून बाकीची काढावीत आणि पावसाळ्याआधी बुंध्याशी मातीची भर द्यावी.