विमान कंपन्यांचे ‘नेहमीचे गिऱ्हाईक’ : मोजमाप कशाचे?

नेहमीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार ओळखतो, बसायला खुर्ची देतो, भावात थोडी सूटही देतो. विमान कंपन्यांनी हाच मान वहीखात्यात मांडला. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी मैल मोजणारी योजना सुरू केली आणि पाहता पाहता जगभर तिचे अनुकरण झाले. पुढे त्यात सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे आले. दर्जा असणाऱ्याला वेगळी रांग, जादा सामान, विमानतळावर लाउंज. मालाचे नमुने घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याला जादा सामानाची सवलत म्हणजे रोख बचतच होय.

हा दर्जा द्यायचा कोणत्या मापाने, हा खरा वाद आहे. पूर्वी मुख्य माप होते प्रवासाचे अंतर. आता ते झाले आहे खर्चलेली रक्कम. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून एका पौंडाला एक पॉइंट असा हिशेब लावला आणि सिल्व्हरसाठी ७,५०० पॉइंट ठेवले. कर वजा जाता २,५०० पौंडांचे तिकीट काढणारा तीन खेपांत सिल्व्हर होतो. १५० पौंडांचे परतीचे तिकीट काढणाऱ्याला मात्र ५० खेपा कराव्या लागतील! ओरड झाली, तेव्हा कंपनीने वर्षात ५० उड्डाणे, म्हणजे २५ खेपा, करणाऱ्यालाही सिल्व्हर देण्याचे मान्य केले. गोल्डला ही वाट ठेवली नाही. एअर इंडियानेही २०२४ मध्ये पैशाचेच माप स्वीकारले आहे, हे आपल्याकडील प्रवाशांनी ध्यानात घ्यावे.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. जो जास्त माल उचलतो त्याला घाऊक व्यापारी जास्त सूट देतोच. पण तो सूट कोणाला देतो? ज्याच्या गल्ल्यातून पैसे येतात त्याला. विमानाच्या बाबतीत तसे होत नाही. मोठ्या कंपनीचा अधिकारी ऐनवेळी महागडे तिकीट काढतो, पैसे कंपनी भरते आणि दर्जा अधिकाऱ्याच्या नावावर जमा होतो. स्वतःच्या खिशातून, दोन महिने आधी, भाव पाहून तिकीट काढणारा लहान व्यापारी मागेच राहतो. हे म्हणजे शेठच्या पैशाने खरेदी करणाऱ्या मुनिमाला परस्पर भेट देण्यासारखे झाले. मुनीम पुढच्या वेळी स्वस्त दुकान शोधेल काय? नॉर्वेच्या स्पर्धा खात्याने नेमके हेच हेरले. नव्या कंपन्यांना देशात पाय रोवता यावेत म्हणून तेथे २००२ पासून देशांतर्गत प्रवासावर असे पॉइंट देण्यास बंदी होती. ती २०१३ मध्ये उठली.

माप कोणतेही असो, ते मधेच बदलले तर? अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आधीच जमा झालेल्या मैलांवर नवी बंधने घातली. प्रवासी कोर्टात गेले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याच्या ग्राहक कायद्याखाली दावा चालणार नाही, करारभंगाचा मात्र चालेल. म्हणजे प्रवाशाच्या हाती उरला तो कागद. पण त्या कागदात काय असते? नॉर्थवेस्ट कंपनीने गिन्सबर्ग नावाच्या प्रवाशाला २००८ मध्ये योजनेतून काढून टाकले. तो तक्रारी फार करतो, असे कंपनीचे म्हणणे. सभासदाने गैरफायदा घेतला की नाही हे कंपनीनेच ठरवायचे, असे कलम करारात होते. ‘निदान नेकीने तरी वागा’ एवढेच त्याचे मागणे उरले होते. २ एप्रिल २०१४ रोजी तेही एकमताने फेटाळले गेले. करारातच न लिहिलेले कर्तव्य राज्याचा कायदा विमान कंपनीवर लादू शकत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

आपल्याकडे जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. मैलांचा कारभार वेगळ्या कंपनीकडे असल्याने ते दुसऱ्या नावाखाली टिकले. पण ज्या विमानांत प्लॅटिनम कार्डाला मान होता ती विमानेच उडेनाशी झाली. कार्डासाठी वर्षअखेर जादा फेरी मारणाऱ्यांनी आधी भाडे आणि सामानाचा दर यांचा हिशेब मांडावा. अनेकदा जादा सामानाचे पैसे भरणेच स्वस्त पडते.