एका पिल्लाने शिकविलेला धडा

अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर नावाचे एक लहानसे राज्य आहे. कॉनकॉर्ड ही त्याची राजधानी. १९९४ च्या ऑक्टोबर महिन्यात या शांत शहरात मोठी खळबळ उडाली. तिला कारण झाले मांजराचे एक इवलेसे पिल्लू!

पाळीव प्राणी विकणाऱ्या एका दुकानातून ते पिल्लू कोणीतरी हौसेने घरी नेले होते. पुढे ते आजारी पडून मेले. प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा त्याला अलर्क रोग, म्हणजे रेबीज, झाला होता असे आढळले. हा विषाणू रॅकून नावाच्या वन्य प्राण्यांत आढळणाऱ्या प्रकारचा होता. त्या काळी त्या भागातील रॅकूनांत या रोगाची साथ पसरली होती.

आता प्रश्न उभा राहिला तो माणसांचा. दुकानात आलेल्या कित्येक मुलांनी पिल्लांना उचलले होते, कुरवाळले होते. पिल्लांनीही खेळता खेळता कोणाला ओरखडले असेल, कोणाचा हात चाटला असेल. त्याची मोजदाद कोण ठेवणार? अखेर धोका पत्करण्यापेक्षा लस टोचलेली बरी, असे ठरले. सुमारे ६६५ लोकांनी लस टोचून घेतली. त्यापायी दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला. पण त्या पिल्लामुळे एकही माणूस दगावला नाही.

एका पिल्लासाठी एवढी धावपळ का करावी लागली? रेबीजचा विषाणू रोगी प्राण्याच्या लाळेत असतो. चाव्यातून किंवा लाळ लागलेल्या ओरखड्यातून तो शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो. मात्र एकदा लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच लसीने त्याला गाठावे लागते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचण्यास प्रारंभ झाला. त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने चावले होते. तो मुलगा वाचला.

अमेरिकेत कुत्र्यांना नियमाने लस टोचली जाऊ लागली, तेव्हा त्यांच्यातील रेबीज आटोक्यात आला. मांजरांची गोष्ट निराळी. कित्येक मांजरे बेवारस हिंडतात. लोक दयेने त्यांच्यासाठी अन्न ठेवतात. परंतु रात्री त्याच अन्नावर रॅकूनही येतात आणि दोघांची गाठ पडते. त्यामुळे गेली अनेक वर्षे त्या देशात रेबीज झालेल्या कुत्र्यांपेक्षा तसल्या मांजरांचीच नोंद अधिक होते. घरचे मांजर चावले, तर त्याला दहा दिवस बांधून ठेवून त्याच्यावर नजर ठेवता येते. भटके मांजर मात्र चावून पळाले, की पुन्हा सापडत नाही.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी स्वयंसेवक भटक्या मांजरांना पिंजऱ्यात पकडतात. त्यांची संख्या वाढू नये म्हणून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करवितात, लस टोचवितात आणि खुणेसाठी कानाचे टोक किंचित छाटून त्यांना सोडून देतात. परंतु लसीचा प्रभाव कायम टिकत नाही, आणि एकदा फसलेले मांजर पुन्हा पिंजऱ्यात सहजी शिरत नाही! म्हणून हे काम चिकाटीने करीत राहावे लागते.

भारतात हा रोग माणसाला होतो तो मुख्यतः कुत्र्यांमुळे. तथापि मांजराचा चावा किंवा ओरखडाही क्षुल्लक मानणे घातक आहे. अशी जखम झाली, तर ती साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि वैद्य सांगतील त्या त्या दिवशी लस घ्यावी.

बरीच मुले घरचे रागावतील या भीतीने ओरखडा लपवितात. रागावणे घटकाभराचे असते. लपविलेल्या ओरखड्याची किंमत मात्र प्राणांनी मोजावी लागते. मुक्या जिवावर दया जरूर करावी, पण तिला सावधपणाची जोड असावी.

स्वाध्याय
१. कॉनकॉर्ड येथे एवढ्या लोकांना लस का टोचावी लागली?
२. भटक्या मांजराचा चावा घरच्या मांजराच्या चाव्यापेक्षा अधिक काळजीचा का?
३. 'दयेला सावधपणाची जोड असावी' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.