कोरं वजन आणि अडकलेल्या पट्ट्या

जेऊरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी मी हिशेबपट्ट्यांची छोटी वेबसाइट केली. दिवसभर माल येतो, संध्याकाळी यादी चढवली की एकेका शेतकऱ्याची पट्टी तयार होते. या कामात जे शिकलो ते असं:

१. ‘एवढं सोड’ आणि ‘इथंच थांब’ यांत गल्लत नको. एके दिवशी चौथ्या नावापुढं वजन कोरं होतं, काट्याची पावती यायची होती. यादीवर फिरणाऱ्या लूपमध्ये तेवढी ओळ वगळायला ‘कंटिन्यू’ हवं होतं, मी घाईत ‘ब्रेक’ लिहिलं. एरर आली नाही, ४२ नावांपैकी तिघांच्याच पट्ट्या निघाल्या. सकाळी वाशिंब्याचे एक आजोबा आले. “पोरा, आमची पट्टी कुठं हाय?” खिशातली घडी घातलेली काटा-पावती त्यांनी टेबलावर पसरली. त्यांचं वजन बरोबर होतं, यादीत ते पाचवे होते. वाशिंब्याला न थांबणारी गाडी पुढं जेऊरकडं येतेच, ते कंटिन्यू. गाडी वाशिंब्यातच रद्द झाली, तर तो ब्रेक.

२. वगळलेलं नाव लिहून ठेवा. कंटिन्यूच्या आधी मी नाव आणि कारण वेगळ्या यादीत टाकतो. ती बघून व्यापारी त्याच दिवशी फोन लावतात. ओळ सुटली की कुणाचे तरी पैसे अडतात.

३. ‘व्हाइल’ लूपमध्ये मोजणी वाढवायची ओळ कंटिन्यूच्या वर हवी. नाहीतर स्क्रिप्ट त्याच नावावर फिरत राहते.

४. पीएचपी ‘स्विच’लाही लूपच धरते. मालाची प्रत ठरवायला मी लूपच्या आत स्विच लिहिला, खराब मालाला कंटिन्यू दिलं. ते फक्त स्विचमधून बाहेर पडलं, खालचा हिशेब चालला आणि खराब मालालाही भाव लागला. तिथं ‘कंटिन्यू २’ लागतं. ७.३ आवृत्तीपासून पीएचपी अशा जागी वॉर्निंग देते. वॉर्निंग बंद करून ठेवू नका.

५. जावास्क्रिप्टच्या ‘फॉरईच’मध्ये ब्रेक चालत नाही. ‘रिटर्न’नं तेवढी फेरी सुटते, लूप पुढं चालूच राहतो. मधेच थांबायचं असेल तर ‘फॉर-ऑफ’ घ्या.

आता शेवटी तीन आकडे दिसतात: एकूण नावं, निघालेल्या पट्ट्या, वगळलेली नावं. शेवटच्या दोन्हींची बेरीज पहिल्याशी जुळल्याशिवाय पैसे सोडायचं बटण उघडत नाही.