लाज कोणाची?



'लाज' हा शब्द आपल्या घरांत रोज ऐकू येतो. 'लाज वाटते' म्हणजे संकोच, 'लाज राखली' म्हणजे अब्रू सांभाळली, 'लाज सोडली' म्हणजे धरबंद उरला नाही. एकाच शब्दात शालीनताही आहे आणि अपराधाची टोचणीही. या दोहोंची गल्लत झाली, की निरपराध माणूस मान खाली घालतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत, कालपर्यंत दुसऱ्याला पायलीभर ज्वारी देणाऱ्यांनाही मदतीसाठी हात पुढे करावा लागला. त्यात लाजण्यासारखे काहीच नव्हते. पण लाज कोणाला वाटली नसेल?

इंग्रजीतही अशीच गल्लत झाली. जुन्या इंग्रजीत 'शेमफास्ट' हा शब्द होता. इथे 'फास्ट' म्हणजे वेगवान नव्हे, तर पक्का, घट्ट. शालीनतेत जो पक्का, तो शेमफास्ट. १६११ च्या इंग्रजी बायबलात, तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:९), सद्गुण म्हणूनच हा शब्द येतो. पुढे 'फास्ट'चा जुना अर्थ लोक विसरले आणि शब्द 'शेमफेस्ड' झाला. त्याचा आजचा अर्थ, ओशाळून तोंड पाडलेला!

'मॉडेस्टी' हा शब्द लॅटिन 'मोदुस'पासून आला. मोदुस म्हणजे माप, हद्द. आपला 'मर्यादा' हा शब्द त्याच्या अगदी जवळचा. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (२५२१-२५२२) शालीनतेला संयमाचा भाग मानते. ती केवळ कपड्यांपुरती नाही. आपण दुसऱ्याकडे कसे पाहतो, कसे वागतो, हेही तीच ठरवते. म्हणजे ती जितकी मुलींची, तितकीच मुलांचीही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मध्ये 'मॉडेस्टी' हा शब्द आला. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये आहे. मराठीत आपण त्या गुन्ह्याला 'विनयभंग' म्हणतो. ऐकताना वाटते, त्या मुलीचेच काही भंगले. पण कायदा शिक्षा करतो ती अंगावर हात टाकणाऱ्याला. तिचा विनय अभंगच आहे. मर्यादा मोडली ती त्याने. तरीही घरात तिलाच सांगितले जाते, "गप्प बस, आपलीच लाज जाईल."

दानिएलच्या १३ व्या अध्यायातील सुसान्ना आठवा. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी तिला धमकावले. ती बधली नाही, म्हणून त्यांनी तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतला आणि भर सभेत तिचा बुरखा काढायला लावला. लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. मग तरुण दानिएलने दोघांना वेगवेगळे विचारले. प्रत्येकाने वेगळ्याच झाडाचे नाव सांगितले. लाज जिची नव्हती तिच्यावरून उतरली आणि ज्यांची होती त्यांच्यावर गेली. निष्पाप प्रभू येशूनेही क्रुसावरची लाज सोसली, पण तिला जुमानले नाही (इब्री १२:२).

या आठवड्यात घरी बोलू या:
१. आपल्या मुलीने अशी गोष्ट सांगितली, तर आपला पहिला प्रश्न तिच्या कपड्यांविषयी असेल की तिच्या दुःखाविषयी?
२. आपण मुलांना नजरेची मर्यादा शिकवतो का?

हे प्रभो, पापाची लाज आम्हांला वाटू दे, आणि निरपराधांच्या माथ्यावरची लाज उतरवायला आम्हांला दानिएलसारखे धैर्य दे. आमेन.