बुडाली कंपनी, राहिले कर्ज

मुंबईत जागा परवडत नाही. म्हणून पुष्कळ कामकरी माणसे कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे घर घेतात. पगार थोडा, घराची किंमत मोठी. तेव्हा कर्ज काढावे लागते. घर तारण राहते, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत त्यावर सावकाराचा हक्क असतो.

हातगाडीवाल्याजवळ पगाराची चिठ्ठी नसते. बँक त्याला सहज कर्ज देत नाही. मग तो घरकर्ज देणाऱ्या कंपनीकडे जातो. तिला धोका जास्त, म्हणून ती व्याजही जास्त घेते.

कागद कच्चे असले तर धोका आणखी वाढतो. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. तेथे पुष्कळ इमारती परवानगीवाचून झाल्या. त्या नियमित करण्यासाठी 2006 साली खास कायदा करावा लागला.

आता एका कंपनीची हकिकत वाचा. दिवाण हाउसिंग ही कंपनी 1984 साली निघाली. लहान पगाराच्या लोकांना घरासाठी कर्ज देणे हा तिचा धंदा. त्यासाठी ती बँकांकडून पैसे उसने घेई, लोकांच्या ठेवीही घेई. 2019 साली तिला आपली देणी फेडता येईनात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशा कंपन्यांवर नियम घालण्याचे काम राष्ट्रीय आवास बँकेकडून रिझर्व्ह बँकेकडे आले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने कंपनीचे संचालक दूर केले व प्रशासक नेमला. 2021 साली पिरामल गटाने कंपनी विकत घेतली.

वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, कंपनी बुडाली तर आपलं कर्जही बुडालं ना?"

गुरुजी म्हणाले, "नाही ताई. तुम्ही देणं लागता, हीच कंपनीची मालमत्ता. ती नव्या मालकाकडे जाते. हप्ता चालूच राहतो."

"मग सरकारनं वाचवलं कुणाला?"

"सरकारनं तिजोरीतून पैसे देऊन ही कंपनी तारली नाही. दिवाळ्याच्या कायद्यानं तिची विक्री झाली. ठेव ठेवणाऱ्या कित्येकांना पुरे पैसे मिळाले नाहीत. अमेरिकेत 2008 साली सरकारनं बड्या घरकर्ज संस्था ताब्यात घेऊन त्यांना पैसा पुरवला. संस्था तरल्या, पण लाखो कुटुंबांची घरं गेलीच."

"म्हणजे सही करतानाच आपण जपायचं!"

"बरोबर बोललात. कायदा आधार देतो. पण तो आपल्याला ठाऊक हवा."

ध्यानात ठेवा

1. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते. बाकीची पदरची लागते. "सगळे पैसे आम्ही देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा.
2. स्वतःच्या घरासाठी घेतलेले बदलत्या व्याजाचे कर्ज मुदतीआधी फेडले, तर दंड द्यावा लागत नाही.
3. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. सावकार संस्थेमुळे उशीर झाला, तर तिने दिवसाला 5,000 रुपये द्यावेत, असा नियम डिसेंबर 2023 पासून आहे.
4. 2002 च्या कायद्याने घर ताब्यात घेण्याआधी 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस फेकू नका. लेखी उत्तर द्या. त्याची प्रत जपून ठेवा.
5. घरकर्ज कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय आवास बँकेकडे तक्रार करा.

सांगा पाहू

1. कंपनी विकली गेली, तर हप्ता कोणाला द्यायचा?
2. कच्च्या कागदाच्या घरावर कर्ज देण्यात धोका का असतो?
3. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तुम्ही काय काय वाचाल?