निसर्ग-निरीक्षण पाठ : मऊ पाठीचे कासव

(इयत्ता ४ थी ते ७ वी. तळे, बंधारा अथवा नदीचा डोह जवळ असलेल्या शाळांसाठी)

देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव मुलांच्या परिचयाचे असते. ससा-कासवाची गोष्टही त्यांस पाठ असते. परंतु गावच्या तळ्यात जिवंत कासव कसे राहते, हे पाहण्याचा प्रसंग थोड्याच मुलांस येतो. आणि येतो तोही बहुधा ते जाळ्यात किंवा गाळात सापडल्यावर. पकडलेले कासव मान आखडून निश्चल पडते. त्यावरून त्याच्या जीवनक्रमाविषयी काहीच कळत नाही. म्हणून कासवास न पकडता, ते राहते तेथेच त्याचे निरीक्षण करणे आणि जे दिसले तेवढेच लिहिणे, हे ह्या पाठाचे सूत्र होय.

उद्दिष्टे

१. मऊ पाठीच्या कासवाची शरीररचना व राहणी यांचा संबंध मुलांच्या ध्यानात आणून देणे.
२. शांतपणे पाहणे, मोजणे व प्रामाणिक नोंद करणे यांची सवय लावणे.
३. गावच्या पाण्यातील प्राण्यांविषयी आपलेपणा उत्पन्न करणे.

शिक्षकांसाठी माहिती

ह्या कासवांच्या पाठीवर इतर कासवांप्रमाणे शिंगासारखे कठीण खवले नसतात. आत हाडांची ढाल असते, पण वरून चामड्यासारखी गुळगुळीत कातडी असते. पाय वल्ह्यासारखे पडदेदार असून प्रत्येक पायास तीन नख्या असतात. मान लांब असते. कासव उथळ पाण्यात तळाच्या चिखलात अंग पुरून बसते व मान लांबवून केवळ नाकपुड्या पाण्याबाहेर काढते. शिवाय घशाच्या अस्तरातून व कातडीतून पाण्यातील प्राणवायू शोषण्याची सोय असल्याने ते बराच वेळ बुडून राहू शकते.

महाराष्ट्रात ह्या कुळातील मुख्यतः दोन जाती आढळतात. पहिली लिसेमिस पंक्टाटा. ही तळी, भातखाचरे व संथ ओढ्यांत राहते. हिच्या पोटाकडील कवचास मागील बाजूस कातडीच्या झडपा असतात. पाय आत घेतले की झडपा मिटतात. ही सुमारे एक फूट लांबीपर्यंत वाढते. बेडूक, गोगलगाई, मासे, पाणवनस्पती व मेलेले प्राणी हे तिचे अन्न. पाणी आटले की ती चिखलात स्वतःस पुरून घेऊन पावसाची वाट पाहते.

दुसरी जात निल्सोनिया लेथी. मुंबईतील डॉक्टर अँड्र्यू लीथ यांच्या नावावरून जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली तिला हे नाव दिले. ही गोदावरी, कृष्णा, भीमा यांसारख्या दक्षिणेतील नद्यांत व मोठ्या जलाशयांत राहते आणि दोन फुटांपर्यंत वाढते. नाक नळीसारखे पुढे आलेले असते. पिलांच्या पाठीवर डोळ्यांसारखी चार वा अधिक वर्तुळे असतात. वय वाढते तशी ती पुसट होतात. ही जात आज अतिसंकटग्रस्त गणली जाते.

प्रत्यक्ष निरीक्षण

हिवाळ्यातील सकाळ ह्या पाठास उत्तम. आठ-दहा मुलांपेक्षा मोठा गट नेऊ नये. शिक्षकांनी आदल्या दिवशी जागा पाहून यावी व काठापासून दूर, झुडपाच्या आडोशाची बैठक निवडावी. शक्य तर जेथे कासवे उन्हास येतात तेथे एक हात लांबीची काठी आडवी ठेवून यावी. तिच्याशी तुलना करून कासवाच्या आकाराचा अंदाज करता येतो.

जागेवर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे कोणीही बोलू नये. नंतर दर पाच मिनिटांनी, घड्याळ पाहून, पाण्यावर किती तोंडे दिसतात ते मोजावे. येथे मुलांची एक चूक हमखास होते. एकच कासव चार वेळा वर आले म्हणजे चार कासवे, असे ती लिहितात. म्हणून एका वेळी दिसलेली अधिकांत अधिक संख्या हीच त्या दिवसाची संख्या समजावी. तिचा अर्थ ‘निदान इतकी’ असा होतो, हेही समजावून द्यावे.

वाळूत किंवा ओल्या मातीत नख्यांच्या दोन समांतर रांगा दिसल्यास त्यांचे चित्र काढावे. कुत्र्या-मुंगसांनी उकरलेला खड्डा व अंड्यांची कवचे दिसल्यास त्याचीही नोंद घ्यावी. शाबूत घरटे मात्र उकरू नये.

नोंदवही

तारीख, वेळ, जागा, हवा, पाण्याची पातळी, संख्या, आकाराचा अंदाज, कासव काय करीत होते व नोंद करणाराचे नाव, असे रकाने आखावेत. जात निश्चित न झाल्यास ‘ओळख पटली नाही’ असे लिहावे. एकही कासव न दिसल्यास पान कोरे न सोडता ‘एक तास पाहिले, दिसले नाही’ असे लिहावे. शिक्षक प्रसन्न व्हावेत म्हणून न दिसलेले कासव लिहिण्याचा मोह मुलांस होतो. न दिसल्याच्या नोंदीसही शाबासकी दिल्यास हा मोह राहत नाही.

अशा नोंदींचे मोल मोठे आहे. ईशान्येकडील काळे मऊ कवचाचे कासव केवळ देवस्थानांच्या तळ्यांत उरले, असे मानून २००२ साली ते वन्य स्थितीत नष्ट झाल्याचे नोंदले गेले. पुढे आसामात ते वन्य स्थितीतही आढळले. एका शाळेने दहा वर्षे एकाच तळ्याची वही ठेवली, तर तेथील कासवे टिकून आहेत की कमी होत आहेत, हे गावास स्वतःच सांगता येईल.

दक्षता

मुलांनी पाण्यात उतरू नये. मऊ पाठीचे कासव मान मागे वळवून कडकडून चावते. त्यास हात लावू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ही कासवे पकडणे, मारणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे.

उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढताना कासवे कुदळीखाली सापडतात, आणि एखादा मुलगा मोठ्या कौतुकाने बादलीत कासव घालून शाळेत येतो. अशा वेळी त्यास रागावू नये. कासव वर्गात ठेवूही नये. वनरक्षकास कळवून, त्याच मुलाच्या सोबतीने, ते जेथून आणले तेथील पाण्यात त्याच दिवशी सोडावे. पाणी शुद्ध राहते म्हणून ते विहिरीत सोडण्याची रीत पुष्कळ गावी आहे. परंतु उभ्या भिंतींच्या विहिरीतून कासवास अंडी घालण्यास बाहेर येता येत नाही, आणि त्याचा वंश तेथेच थांबतो. हे मुलांस सांगावे. मुले घरी सांगतील.

वर्गातील काम

१. कासवाचे चित्र काढून नाक, मान, नख्या व झडपा दाखविणे.
२. पाच मिनिटांच्या मोजण्यांचा आलेख काढणे.
३. पूर्वी तळ्यात कासवे किती दिसत, हे गावातील वृद्धांस व मासेमारांस विचारून लिहिणे. ऐकलेली माहिती व स्वतः पाहिलेली माहिती ह्यांची पाने वेगळी ठेवावीत.

शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहावी. नव्या शिक्षकाने पुढील पानावर तारीख घालून काम चालू ठेवावे.