छप्पर बघ, पाणी बघ

चि. सायलीस,

तुझे फोटो पोचले. एकेचाळीस आहेत, तुझ्या आईनं मोजले. पाम्पानेइरा, बुबियॉन, कापिलेइरा, सिएरा नेवादाच्या उतारावरची तिन्ही गावं एका दिवसात उरकलीस म्हणे. पांढरी भिंत, भिंतीवर कुंड्या, कुंड्यांपुढे तू आणि तुझ्या मैत्रिणी. छान आलेत. पण एकाही फोटोत छप्पर नाही आणि एकाही फोटोत पाणी नाही. अगं, चुना काय, कुणीही फासतो.

पुन्हा जा, आणि या वेळी एकटी जा. कापिलेइरा 1,436 मीटरवर आहे, तेव्हा आधी तिथवर बसनं जा आणि मग खाली पायी उतर. उतरताना पाम्पानेइराची घरं वरून दिसतात. सगळी सपाट, राखाडी, धुराड्यांना टोप्या घातलेली. ते तुझ्या आजोळचं धाबंच आहे! खाली लाकडाच्या कड्या, वर दगडी चिपा, त्यावर लाउना नावाची करडी चिकणमाती. पाऊस लागला की ती माती फुगते आणि पाणी अडवते. तिथं पूर्वी त्यावर अंजीर, मिरच्या वाळत घालायचे. आपल्याकडे तुझी आजी कुरडया घालायची. मृगाच्या आधी आपण धाब्यावर नवी माती टाकायचो ना, तशी लाउना वद्य पक्षातच टाकायची, असा तिथला जुना समज. हसू नकोस. आपल्याकडचे असे समज लिहून काढले तर तुझी वही पुरायची नाही.

मीही तुझ्यासारखाच गेलो होतो, अठरा वर्षांपूर्वी. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण फोटो काढले ते भिंतींचे. चिंध्यांची विणलेली एक सतरंजी घेतली (तिकडे तिला खारापा म्हणतात, आजी अजून तिच्यावर बसते) आणि त्या नादात बस चुकवली. दुपारी सगळी दुकानं बंद. करायला काही नाही म्हणून गावाबाहेर जाऊन बसलो, तेव्हा कुठं पाण्याचा आवाज कानावर आला. एक म्हातारा खांद्यावर फावडं टाकून आला, पाटाचं तोंड ढेकळांनी बुजवलं, दुसरीकडचं उघडलं आणि निघून गेला. मी मनात म्हटलं, हा तर आपला पाटकरी! पांझरा नदीवरच्या फडात लहानपणी रोज पाहिलेला. भाषा येत नव्हती, नाहीतर त्याच्याशी पाळीवरून भांडलोही असतो.

त्या पाटांना असेकिया म्हणतात. शब्द अरबी आहे आणि पाटही बहुतेक अरबी अमलातले. 1492 मध्ये ग्रानादा पडलं, 1568 ते 1571 मध्ये त्या डोंगरांतल्या मोरिस्कोंनी, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांनी, बंड केलं, ते मोडल्यावर त्यांना तिथून हाकललं आणि उत्तरेकडची माणसं आणून वसवली. माणसं बदलली, पाट मात्र राहिले. त्यातले काही पाट तर शेतात जातच नाहीत. सिएरा नेवादाचं बर्फ वितळलं की ते पाणी उंचावरच्या भुसभुशीत जमिनीत सोडून देतात. ते मुरतं आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, खालच्या झऱ्यांतून वर येतं. ऐन उन्हाळ्यात! ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपण भिंती रंगवून सांगत फिरलो. त्यांनी ते शतकानुशतकं गुपचूप केलं.

आता कामाचं. त्यातले जे पाट पुढं ओस पडले, ते पुन्हा वाहते करायचं काम तुझ्याच ग्रानादा विद्यापीठातली एक प्रयोगशाळा करते. 2014 मध्ये कान्यार गावचा बार्खास नावाचा पाट त्यांनी गावकऱ्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या मदतीनं उपसला. त्यांच्याकडं जा, नाव घाल. फावडं कसं धरायचं ते तुला येत नाही हे मला ठाऊक आहे, शिकवतील. हाताला फोड आले तर आईला कळवू नकोस, मला कळव. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना तुझं पुस्तकी स्पॅनिश बाजूला ठेव. आधी नुसतं ‘बुएनास’ म्हण आणि थांब. तो बोलेल.

परतीची शेवटची बस किती वाजता, हे उतरल्या उतरल्या विचार. आणि धाब्याची पन्हळ दिसेल असा एक फोटो पाठव. तिकडचं पाणी भिंतीवरून ओघळतं की लांब पडतं, असं आजी दोनदा विचारून गेली.

तुझा,
मामा